जॉबरला हे सुचलं असतं का?

भिवंडीतल्या साध्या यंत्रमागावर कांडीतलं सूत संपलं की माग थांबतो. कारागीर धोटा काढतो, भरल्या कांडीचा दुसरा धोटा ठेवतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. शेजारी उभी राहून मी ते बघत होते. पेटंटच्या अपिलात ज्यावरून वाद रंगतो तो प्रश्न इथे नीट कळतो: एखादी सुधारणा उघड होती असं म्हणायचं, तर ती कुणाला?

१९७० चा पेटंट कायदा म्हणतो, त्या कामातल्या जाणकाराला. कायद्यातला हा जाणकार काल्पनिक. कारखान्यात तो जॉबर, म्हणजे माग जुळवणारा मिस्त्री, असतो. कापड दाट हवं असेल तर जॉबर चेंज व्हील बदलतो, इंचामागचे पिक, म्हणजे आडवे धागे, वाढतात. एवढ्यावर कुणी पेटंट मागितलं तर ते मिळू नये. पण माग न थांबवता रिकामी कांडी पाडून भरलेली बसवायची? तशी सोय प्रत्येकालाच हवी होती. १८९० च्या दशकात अमेरिकेत नॉर्थ्रप नावाच्या संशोधकाने ती साधली. भरल्या कांड्यांचं फिरतं चक्र, कांडी धोट्यात ठोकणारा हातोडा आणि सूत आपोआप ओवून घेणारा धोटा, असं सगळं त्यासाठी जुळवावं लागलं. गरज उघड होती, उपाय नव्हता. या दोहोंची गल्लत झाली की निकाल चुकतो, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचा पायाभूत खटला मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांचा. लेथवर भांडं घट्ट धरण्याच्या साधनाचं पेटंट १९५१ पासून लागू होतं. अलाहाबाद हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी ते रद्द केलं, खंडपीठाने वाचवलं आणि १३ डिसेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा रद्द केलं. यात शोध नाही, कारखान्यात सहज होणारी सुधारणा आहे, असं सुप्रीम कोर्टाचं म्हणणं. यंत्र तेच, तरी उत्तर दोनदा फिरलं.

कारण उत्तर समोर असताना ते माहीत नसल्यासारखं विचार करणं फार अवघड. म्हणून रोश विरुद्ध सिप्ला खटल्यात दिल्ली हायकोर्टाने २०१५ मध्ये क्रम घालून दिला: आधी जाणकार कोण ते ठरवा, मग शोधाचा गाभा, अर्जाच्या तारखेपर्यंतचं ज्ञान, त्या ज्ञानाहून शोधात वेगळं काय, आणि शेवटी, हा फरक पश्चातबुद्धी न वापरता सुचला असता का. पेटंटची अपिलं ऐकणारं अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झालं. तेव्हापासून मुंबई पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला तर भिवंडीच्या कारखानदाराला मुंबई हायकोर्टात जावं लागतं. तिथे पहिल्यांदा तपासायचं ते हेच, की नाकारताना जुनं काय होतं, नवं काय आहे आणि जॉबर एकातून दुसऱ्याकडे कसा पोचला असता, हे अधिकाऱ्याने लिहिलंय का. लिहिलं नसेल तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवता येतं.