यंदा हारकडे नकोत!

दिवाळीच्या अंकात शिमग्याची गोष्ट कसली सांगता, असे कुणी म्हणेल. पण हीच तिची वेळ आहे. होळीच्या आदल्या दिवशी हे सुचून उपयोग नसतो. तोवर हारकडे घरात येऊन पडलेले असतात.

आम्ही नाशिककर. आमच्याकडे होळीला मुलांच्या गळ्यात साखरेचा हार आणि हातात साखरेचे कडे घालतात. इतरत्र ज्याला गाठी म्हणतात तोच हा प्रकार. पुढे पंधरा दिवसांनी पाडव्याच्या गुढीलाही अशीच माळ लागते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातवाला होळीला सहा हार आले. त्यांतला सर्वांत मोठा माझा. पोर सहा वर्षांचे. हार गळ्यात घालून हिंडे आणि येता-जाता एकेक तुकडा तोंडात टाकी. आम्ही सगळे कौतुकाने पाहत होतो. रंगपंचमीच्या रात्री दोन वाजता ते गाल धरून रडत उठले. सून उजाडेपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दाढा किडल्याचे दाखवले. “दुधाचेच दात ना, पडायचेच आहेत,” असे मी म्हणून गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, “आजी, या दाढा पडायला त्याला दहा-अकरा वर्षांचे व्हावे लागेल. तोवर जेवायचे यांनीच ना?” मग त्यांनी समजावले. दातांवरचे जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते दात पोखरते. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हे दातांना अधिक भोवते. एका होळीने दात किडत नाही. ती वर्षभराची कमाई. होळीने फक्त हिशेब पुरा केला.

घरी येऊन उरलेला हार मी काट्यावर ठेवला. सव्वाशे ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी शक्ती दिवसाच्या आहाराच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगले. एवढ्या मुलाचा आहार चौदाशे-पंधराशे कॅलरींचा धरला, तर १० टक्के म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. माझ्या एका हारात त्याची साडेतीन दिवसांची साखर होती. (आणि गुळाने काही बिघडत नाही, असे मानणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनी ऐकावे: दातांना दोन्ही सारखेच.)

पुढच्या होळीला मी दिवाळीपासूनच तयारीला लागले. मुलांना समजावणे सोपे असते, मोठ्यांना नव्हे. नणंदांना, भाच्यांना फोन केले: यंदा हारकडे नकोत, चेंडू आणा, भोवरा आणा, पिचकारी आणा. सगळ्यांनी हो म्हटले. थोरल्या जाऊबाई मात्र उसळल्या. “गाठीवाचून होळी? आपल्या घरात काय सुतक आहे?” फोन खाली ठेवला गेला आणि महिनाभर उचललाच गेला नाही.

मुलांचे म्हणाल तर त्यांना उसंतच नव्हती. काष्ठौषधींच्या दुकानातून पळसाची वाळकी फुले आणली आणि रात्री गरम पाण्यात भिजत घातली. सकाळी पातेल्यात केशरी-पिवळे पाणी! चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होतो म्हणतात, पण मुलांच्या डोळ्यांत जायचा म्हणून आम्ही तो टाळला. बीट किसून गुलाबी पाणी केले. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. रंगाने भरलेल्या त्या हौदात माणसे धडाधड उड्या घेतात. ते मुलांना दुरून दाखवले आणि घरी आणून गच्चीवर सोडले. संध्याकाळी भेळ आणि कलिंगड. गोडाची आठवण कुणी काढली नाही, असे मी म्हणणार नाही. काढली, पण भेळ येईपर्यंतच.

जाऊबाईंचे काय करावे ते मात्र सुचेना. मग आठवले की त्यांच्या माहेरचा गाठींचा लाकडी साचा त्यांच्यापाशी आहे. पाडव्याच्या चार दिवस आधी मी त्यांच्या दारात गेले. म्हटले, “वहिनी, गुढीची माळ यंदा तुम्हीच करा. पोरांना दाखवा.” त्या काही बोलल्या नाहीत, आतून साचा घेऊन आल्या.

आमच्या स्वयंपाकघरात चार मुले ओट्यापासून हातभर लांब ओळीने उभी केली होती. जाऊबाईंनी साच्यात दोरा ताणून बसवला आणि पातेल्यात साखर ओतली. ओततच राहिल्या. नातू मोठ्याने म्हणाला, “एवढी?” “मग काय हवेची होते माळ?” जाऊबाई म्हणाल्या. पण त्यांचाही हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. पाक त्यांनी स्वतःच ओतला. घट्ट झाल्यावर साचा उघडला तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या.

एक माळ गुढीला आणि मुलांना प्रत्येकी एकच गाठ, तीही जेवणानंतर खाऊन चूळ भरायची, असे ठरले. हे जाऊबाईंनीच ठरवले. मी गप्प होते. सकाळी गुढी उभारली, मुलांनी कडुनिंबाची पाने तोंडे वेडीवाकडी करत खाल्ली आणि जेवणे झाल्यावर तिघांनी आपापली गाठ संपवली.

नातवाने मात्र आपली खाल्ली नाही. आपण केलेली म्हणून ती दोऱ्याने खिडकीच्या खिळ्याला टांगून ठेवली. चौथ्या दिवशी पाहतो तो मुंग्यांची रांग खिळ्यापर्यंत गेलेली. पोराने हाक मारून जाऊबाईंना बोलावले, आणि दोघे किती तरी वेळ खिडकीशी बसून मुंग्या मोजत होते.