गळ पाण्यात, कॅमेरा पिशवीत

माळ्यावरून जुने अल्बम खाली काढले. 1996 ते 2008, बारा वर्षांच्या वडिवळ्याच्या फेऱ्या. पहाटेच्या लोकलनं कामशेतला उतरायचं, पुढं मिळेल त्या जीपनं धरण गाठायचं. खांद्यावर गळाच्या काठ्या, डब्यात गांडुळं आणि कणकेचे गोळे, पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला यशिका. 36 फोटोंचा रोल तीन फेऱ्यांना पुरवायचा, हा दंडक.

चाळताना कळलं, बघण्यासारखे फोटो सगळे रिकाम्या हातानं परतलेल्या दिवसांचे आहेत. कारण साधं. मासा खायला येतो तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला. फोटोचा उजेडही तेव्हाचाच. हात मात्र दोनच, तेही गांडुळांनी बरबटलेले. काठी ठेवून कॅमेरा उचलावा, तर नेमका दोरा ताणला जाणार. त्यामुळे आमचं निसर्गचित्रण भर दुपारचं, भाकरी खाऊन झाल्यावरचं, पांढरंफटक. ढाकच्या बाजूच्या डोंगरांआड सूर्य बुडतानाचा एकच धड फोटो आहे. त्या दिवशी साधी चिलापीही लागली नव्हती.

मासे लागले त्या दिवशीचे फोटो एका छापाचे. हात लांब करून धरलेला कटला, मागं आमचे दात, आणि डोंगराचा माथा चौकटीबाहेर. एका सप्टेंबरात काठावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. ती टिपायला वाकलो आणि निसरड्यावरून थेट पाण्यात. पडता पडता काठी वाचवली, कॅमेरा गेला. त्याची आजही लाज वाटत नाही.

मे महिन्यातले फोटो तेव्हा कुणी पाहिलेही नव्हते. ओसरलेलं पाणी, काठावर उतरत गेलेल्या पट्ट्या, भेगाळलेला गाळ. आता मी तेच सर्वांत जास्त वेळ बघतो.

शेवटच्या वर्षांत डिजिटल कॅमेरा आला आणि मासा सोडून द्यायची सोय झाली. पुरावाही राहतो, जीवही. महासीर, म्हणजे आपला खडस, आम्हाला बारा वर्षांत एकदाच लागला. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये या माशाची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नदीचं पुढं काय झालं, ते पुणेकरांना सांगायला नको. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात मात्र 1970 च्या दशकापासून महासीरची पिल्लं वाढवून सोडतात. आमचा खडस वीतभरच होता. हात ओले केले, पाण्यालगतच धरला, एक फोटो काढला आणि सोडला.

त्या फोटोत पाणी आहे, मागं सगळा डोंगर आहे, संध्याकाळचा उजेडही आहे. माशाची तेवढी शेपटी आली आहे.