एका सेकंदात देशाचं बजेट

कॉम्प्युटरमधला हिरवा सर्किट बोर्ड मुळात काचेचाच असतो, ठाऊक आहे? काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, त्यात मुरवलेलं इपॉक्सी. आता त्याच बोर्डाच्या थरांत ऑप्टिकल फायबर घालायची खटपट चालू आहे. डेटा तांब्यातून नाही, प्रकाशातून धावणार. आकडे ऐकायचेत? मग जरा खुर्ची धरून बसा!

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे 150 किलोमीटर धरा. सेकंदाचा हजारावा भाग सरायच्या आत पुणं आलंसुद्धा! एका फायबरमधून आज सेकंदाला 10,000 कोटी स्पंद सोडता येतात. लागोपाठच्या दोन स्पंदांत अंतर किती? अवघं 2 मिलिमीटर. म्हणजे मुंबई ते पुणे फायबर टाकली, तर कुठल्याही क्षणी वाटेत साडेसात कोटी स्पंद! मुंबईच्या लोकलनं रोज सुमारे 75 लाख माणसं जातात. दहा दिवसांची अख्खी गर्दी केसाएवढ्या काचेत, आणि धक्काबुक्की शून्य.

ही झाली एक फायबर. ब्रॉडकॉमची 2022 मधली टोमाहॉक 5 ही स्विच चिप सेकंदाला 51.2 लाख कोटी बिट्स हाताळते. भारताचं 2025-26 चं केंद्रीय बजेट होतं सुमारे 50.65 लाख कोटी रुपयांचं. एका बिटला एक रुपया लावा. वर्षभराचं बजेट एका सेकंदात मोजून मोकळं, वर पन्नासेक हजार कोटींची चिल्लर!

तांब्याला हा लोंढा झेपेना. या वेगाला उत्तम बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतही दर दोन-तीन इंचांना सिग्नल निम्मा होतो. चांगल्या फायबरमध्ये निम्मा व्हायला 15 किलोमीटर लागतात. मुंबईहून पुण्याला जाऊन प्रकाश जेवढा थकेल, तेवढं तांबं दोन फुटांतच थकतं!

काम नाजूक आहे, हे खरं. फायबरचा गाभा 9 मायक्रॉनचा. जोडताना दोन-तीन मायक्रॉन सरकलं की प्रकाश सांडलाच. पण जमलं तर? कोटिंगसकट फायबरची जाडी पाव मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या 9 सेंटिमीटर रुंदीत शेजारी-शेजारी 360 बसतात. प्रत्येक स्पंदावर दोन बिट्स, म्हणजे एकीतून 20,000 कोटी, सगळ्यांतून 72 लाख कोटी बिट्स, दर सेकंदाला! आणि हा झाला एकच थर. फायबरवरून फायबर आडवी गेली तरी प्रकाशात प्रकाश मिसळत नाही, तेव्हा चार थर घाला की: 288 लाख कोटी!