लोणेरे फाट्यावरचं विद्यापीठ

मुंबईहून निघालेली एसटी माणगाव सोडते आणि थोड्याच वेळात कंडक्टर लोणेऱ्याचा पुकारा करतो. जुलै-ऑगस्टमध्ये अशा गाडीतून उतरणारे प्रवासी लगेच ओळखू येतात. पाठीला सॅक, हातात बादली, काखेत गादीची वळकटी आणि सोबत नव्या रेनकोटात जेमतेम मावणारे वडील. फाट्यावर चार हॉटेलं, झेरॉक्सची दुकानं, मोबाइल रिचार्ज, वडापावची गाडी. उजव्या हाताचा रस्ता गोरेगाव, आंबेत करत सावित्री नदी ओलांडतो आणि मंडणगड-दापोलीकडे जातो. 'विद्यापीठ कुठाय?' हा प्रश्न नव्या पालकांनी विचारायचा आणि टपरीवाल्याने न बघता हात दाखवायचा, हा इथला नेमच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने इथे उभं राहिलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून तेव्हा दशकभर संघर्ष चालू होता. तिथला नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्याच्या पाच वर्षं आधी रायगड जिल्ह्यातल्या या आडगावात त्यांच्या नावाचं विद्यापीठ करायचं ठरलं, आणि जागेला अर्थ होता. फाट्यावरून महामार्गाने पुढे गेलं की महाड येतं. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह तिथला. गोरेगावचा रस्ता धरला तर तो मंडणगड तालुक्यात उतरतो, जिथे आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव आहे.

दुसरं कारण कारखान्यांचं. थळला आरसीएफचा खतप्रकल्प, नागोठण्याला तेव्हाच्या आयपीसीएलचं पेट्रोकेमिकल संकुल, रोहा आणि महाडला रासायनिक कारखान्यांच्या वसाहती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रायगडचा भातशेतीचा चेहरा असा बदलत गेला. म्हणून इथे संगणक, विद्युत, यंत्र, स्थापत्य यांच्या जोडीला पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी आली. महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी शिकवला जाणारा हा विषय भाताच्या खाचरांशेजारी शिकवला जातो.

सुरुवातीच्या मुलांना इथे यायला रेल्वेसुद्धा नव्हती. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि गोरेगाव रोड हे जवळचं स्टेशन मिळालं. मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला व्हायला जानेवारी १९९८ उजाडलं. आजही दिवा-सावंतवाडी ही इथल्या पोरांची गाडी आहे: स्वस्त, उशिराची आणि गप्पांना भरपूर वेळ देणारी. रस्त्याचं न बोललेलं बरं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलं पास झाली, नोकरीला लागली, काहींची लग्नंही झाली, काम चालूच राहिलं.

अभियांत्रिकीचे प्रवेश राज्यभरासाठी एकत्र होतात, त्यामुळे वसतिगृहाच्या एका खोलीत यवतमाळ, बीड आणि चिपळूण एकत्र येतात. या मुलांची पहिली परीक्षा गणिताची नसते, पावसाची असते. मराठवाड्यातल्या मुलाने गावी वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटर पाऊस पाहिलेला असतो, तोही चांगल्या वर्षी. इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. कपडे तीन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या बुटांवर पांढरी बुरशी चढते, जर्नलची पानं एकमेकांना चिकटतात. चिपळूणचा पोरगा याला पाऊसच म्हणत नाही, आणि खोलीतलं पहिलं भांडण बहुधा यावरूनच होतं.

दुसरं भांडण जेवणावरून. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्याला ताटात रोज भाताचा डोंगर दिसतो. तांदळाची भाकरी त्याला आधी पुचाट वाटते. नंतर सुक्या जवळ्याबरोबर ती कशी खायची हे कोणीतरी शिकवतं आणि तक्रार मिटते. विदर्भातला मुलगा घरून तिखट आणतो, डबा चार दिवसांत संपतो. हे फुटकळ वाटेल, पण अशा ठिकाणी महाराष्ट्र एकमेकांना पहिल्यांदा भेटतो. पुण्यातही भेटतो, पण तिथे प्रत्येक जिल्ह्याच्या पोरांना आपापली खानावळ आणि आपापला कट्टा सापडतो. लोणेऱ्यात टपऱ्याच मोजक्या. पटो न पटो, त्याच बाकावर बसावं लागतं.

लहान विद्यापीठाचं खरं वैशिष्ट्य हे आहे, असं म्हणायला हरकत नाही. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. करमणूक हवी तर स्वतः उभी करावी लागते. म्हणून गॅदरिंगची तालीम महिनाभर चालते आणि क्रिकेटचे सामने भांडणासकट रंगतात. रविवारी दोन-चार बाइक श्रीवर्धन, दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला निघतात. पहिला पाऊस ओसरला की रायगड. रोपवे १९९६ पासून आहे, पण तो पाहुण्यांसाठी, असा पोरांचा अलिखित दंडक. सबमिशनच्या आठवड्यात मात्र सगळा कॅम्पस झेरॉक्सवाल्याच्या दारात उभा असतो आणि वायवाच्या आदल्या रात्री एकाची फाइल दहा खोल्यांतून फिरते.

राजकारण? निवडणुकीतलं जवळपास नाहीच. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे बंद झाल्या. त्यामुळे इथल्या तीन दशकांच्या मुलांनी मतपेटी पाहिली ती गावच्या ग्रामपंचायतीची. जाणिवा घडतात त्या दुसऱ्याच वाटेने: शिवजयंती, १४ एप्रिल, २० मार्चला महाडला जाणारे गट. वर्गणी कोण गोळा करणार, भाषणाला कोणाला बोलवायचं, मिरवणुकीत डीजे की लेझीम यावर रात्रभर वाद होतात. निवडणुकांची जागा वर्गणीच्या वहीने घेणं ही काही भूषणाची गोष्ट नाही, पण समिती चालवायला पोरं तिथेच शिकतात.

गावालाही विद्यापीठ लागतं. फाट्यालगत आणि गोरेगावात घरांना मागे-पुढे खोल्या चढल्या, घरच्या स्वयंपाकघरांच्या मेस झाल्या. गणपतीत कोकणातली मुलं घरी पळतात, विदर्भातली मागे राहतात आणि आजूबाजूच्या घरांतून आरतीची बोलावणी येतात. २०२० मध्ये टाळेबंदीने मुलं घरी गेली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं. परिसरात घरांची छपरं उडाली, आंबा-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. रिकाम्या खोल्या आणि उडालेले पत्रे असं ते वर्ष या भागाने दुहेरी सोसलं.

आता या विद्यापीठाची एक अजब गोष्ट. मुळात ते एकाच आवारात शिकवण्यासाठी होतं. २०१४ च्या नव्या कायद्याने त्याला राज्यभरातली तांत्रिक महाविद्यालयं संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला आणि पुढच्या काही वर्षांत नांदेड, लातूर, तुळजापूर, जळगाव इथली अभियांत्रिकी महाविद्यालयं लोणेऱ्याच्या छत्राखाली आली. गंमत अशी की शेजारच्या महाड-माणगावात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलांची पदवी मुंबई विद्यापीठाची, आणि तुळजापुरात इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलाच्या गुणपत्रिकेवर लोणेरे!

कागदावर राज्यव्यापी झालेल्या विद्यापीठाचं मन परीक्षा, निकाल आणि पुनर्मूल्यांकनात गुंतणं साहजिक आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाचं तेच झालंय. पण लोणेऱ्याकडे गमवायला जास्त आहे. इथली कमाई अभ्यासक्रमात नाही, तो कुठेही शिकवता येतो. यवतमाळ, बीड आणि चिपळूण एका खोलीत चार वर्षं काढतात, ती खरी कमाई. संलग्न महाविद्यालयातल्या मुलांच्या वाट्याला लोणेरे येतं ते संकेतस्थळावर, तेही निकालाच्या दिवशी आणि बहुधा बंद पडलेलं.

याला उपाय अवघड नाही. प्रत्येक संलग्न महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका तुकडीला हिवाळ्यात आठ दिवस इथे राहायला बोलवावं. सकाळी प्रयोगशाळा आणि कार्यशाळा, एक दिवस चवदार तळं, एक दिवस रायगड, संध्याकाळी फाट्यावर चहा. जेवण गावातल्या मेसवाल्यांकडेच द्यावं. विद्यापीठाने ठरवलं तर येत्या डिसेंबरात लातूर-नांदेडपासून सुरुवात करता येईल. पहिल्या वर्षी एसटीच्या दोन गाड्या पुरतील.