थंडीत स्टिअरिंग जड का होते?

डिसेंबर-जानेवारीत अहिल्यानगरचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. अशा पहाटे जुन्या मोटारीचे स्टिअरिंग जड लागते, वळवताना बॉनेटखालून गुरगुर ऐकू येते. थंडीने पॉवर स्टिअरिंगचे ऑइल घट्ट होते व पंपावर ताण येतो, हे त्याचे कारण होय.

तथापि नगरच्या थंडीसाठी खास ऑइल घेण्याची आवश्यकता नसते. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत घसरतो. तेथे गोठणबिंदूखालीही पातळ राहणारे सिंथेटिक ऑइल उपयुक्त ठरते. येथे इंजिन तापल्यानंतरही स्टिअरिंग जडच राहिल्यास दोष बहुधा कमी झालेल्या वा काळवंडलेल्या ऑइलचा किंवा सैल बेल्टचा असतो.

ऑइल कोणते, हे टाकीच्या झाकणावर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांना लाल एटीएफ, तर काहींना हिरवे हायड्रॉलिक ऑइल लागते. दोहोंची सरमिसळ करू नये. ब्रेक ऑइल तर चुकूनही ओतू नये. त्याने रबरी सील फुगून गळती सुरू होते.

बदलताना इंजिन बंद ठेवून टाकीतील जुने ऑइल सिरिंजने काढावे, खुणेपर्यंत नवे भरावे. मग इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे; टोकाला मात्र दाबून धरू नये. ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत ही कृती पुन्हा करावी. पातळी वारंवार घटत असल्यास भर घालत न बसता गळती शोधावी. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या बहुतेक नव्या मोटारींत हे ऑइल नसतेच.