घर घेताना वकील आपला हवा!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो. मग घर घेताना कागद नकोत का पाहायला? आम्ही फ्लॅट पसंत केला तेव्हा विकणारे म्हणाले, "आमचेच वकील सगळं बघतील, तुमचा खर्च वाचेल." हेही राजी झाले. मी मात्र हट्टाने दुसऱ्या वकीलबाई गाठल्या. त्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयातल्या ३० वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि फ्लॅटवर बँकेचं कर्ज निघालं! माझ्या पाटल्या मोडून उभे केलेले पैसे विसारात जायचे ते वाचले.

तेव्हा वकील विकणाऱ्याचा नको, फी आधी ठरवा, शोध अहवाल लेखी मागा. आणि खरेदीखताची ओळन्‌ओळ समजल्याशिवाय सही करू नका बरं!