बिनतारी जग – लेखांक ९ : चॅनेल आवळून बघा

८० आणि १६० मेगाहर्ट्झच्या ऐसपैस चॅनेलांवर वेग कसा वाढतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज नेमकं उलट. वायफायचं नेहमीचं २० मेगाहर्ट्झचं चॅनेल काही राउटर आणि कार्डांवर १० किंवा ५ मेगाहर्ट्झपर्यंत आवळता येतं. वेग घटणार हे उघड आहे. मग हा खटाटोप कशाला?

रिसीव्हर जेवढा रुंद पट्टा ऐकतो, तेवढा गोंगाट त्याच्या कानावर येतो. पट्टा निम्मा केला की गोंगाटही निम्मा होतो, म्हणजे ३ डेसिबलने उतरतो. २० वरून ५ वर आलं की ६ डेसिबलची कमाई. ट्रान्समीटरची ताकद मात्र तीच. मध्ये अडथळा नसेल, तर ६ डेसिबल म्हणजे दुप्पट अंतर. गर्दीतही फायदा होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीनच रुंद चॅनेलं एकमेकांना न खेटता मावतात. ५ मेगाहर्ट्झचं चॅनेल त्यांच्यामधल्या फटीतही बसवता येतं.

हे साधतं चिपचं घड्याळ मंदावून. २० मेगाहर्ट्झवर ४ मायक्रोसेकंदांचं असणारं, डेटा वाहणारं एक चिन्ह (सिम्बॉल) ५ मेगाहर्ट्झवर १६ मायक्रोसेकंदांचं होतं. दोन चिन्हांमधली मोकळी जागाही ०.८ वरून ३.२ वर जाते. त्यामुळे डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा पोचणारे प्रतिध्वनी पुढच्या चिन्हात मिसळत नाहीत. याची किंमत अशी, की ५४ मेगाबिटची जुनी कमाल १३.५ वर येते.

मायक्रोटिकच्या काही राउटरांत ही रुंदी यादीतून निवडता येते. अथेरॉसच्या जुन्या चिपवर ओपनडब्ल्यूआरटी चालवत असाल, तर ड्रायव्हरच्या डीबग फोल्डरमधल्या ‘चॅनबीडब्ल्यू’ या फाइलमध्ये ५ हा आकडा लिहायचा. आधी लांबचं टोक बदला, मग जवळचं. उलट केलंत, तर लांबच्या राउटरशी संपर्क तुटेल आणि शिडी घेऊन तिथवर जावं लागेल. बदल झाला की मोबाइलच्या यादीतून ते नेटवर्क गायब होतं. मोबाइल २० मेगाहर्ट्झची चाल शोधतो, त्याला ही संथ चाल ओळखता येत नाही. पण हे लपणं म्हणजे सुरक्षा नव्हे, पासवर्ड हवाच.

मोबाइलला हे नेटवर्क दिसतच नाही, म्हणून घरात या वाटेला जाऊ नका. शेतातला पंप, हवामानाचे सेन्सर, टेकडीपलीकडचा कॅमेरा अशा दोन ठरलेल्या टोकांमधल्या, थोडक्या डेटाच्या जोडणीला मात्र हे चॅनेल चपखल बसतं. आणि चॅनेल आवळलं म्हणून ताकदीची सरकारी मर्यादा सैल होत नाही.

घड्याळ मंदावण्याची हीच युक्ती २०१६ सालच्या ८०२.११एएच या मानकाने रीतसर स्वीकारली, तीही एक गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.